नाताळची कुंडी अंगणात लावण्याआधी



जानेवारीच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "मी कामाला जाते तिथल्या मॅडमनी नाताळ झाल्यावर ख्रिसमस ट्रीची कुंडी मला दिली. पोरगी म्हणते, अंगणात लावू. लावू का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर अंगण बघून द्यावं लागतं.

पुण्यातल्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अरॉकेरिया असतं. मूळ ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरचं. कुंडीत दोन फुटांचं गोजिरवाणं दिसतं, पण जमिनीत लावलं की वर्षं जातील तसं तीन-चार मजल्यांएवढं होतं. म्हणून घर, पाण्याची पाईपलाईन आणि विजेच्या तारा यांपासून निदान वीस फूट लांब जागा असेल तरच लावा. 'वाढलं तर शेंडा छाटू' असं म्हणू नका, त्यानं झाडाचा आकार कायमचा बिघडतो. आणि महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते.

जागा असेल तरी घाई नको. घरात राहिलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं तर करपतं. आधी आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. उन्हाळा कुंडीतच काढा. पाऊस जमिनीत चांगला मुरला की दोन फुटांचा खड्डा घेऊन माती आणि कुजलेलं शेणखत भरा. पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून जागा निचऱ्याची हवी. मुळांचा गोळा फोडू नका. खोड कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच पुरा.

कधी कधी एकाच कुंडीत तीन-चार रोपं असतात. ती ओढून वेगळी करू नका, मुळं तुटतात. जोमदार एक ठेवून बाकीची मातीलगत कापा.

जागा नसेल तर झाड कुंडीतच ठेवा. वरची माती सुकली की पाणी द्या, दोन-तीन वर्षांनी थोडी मोठी कुंडी बदला. बरीच वर्षं छान राहतं.

त्या ताईंचं अंगण जेमतेम दहा फूट, वरून विजेची तार. म्हणून कुंडी दारातच ठेवायची आणि पावसाळ्यात अंगणात कढीपत्ता लावायचा, असं ठरलं. पोरगी आधी रुसली. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्या नाताळलाही हेच सजवायचं ना?"

हो गं, हेच!