टाळेबंदीत सेंद्रिय शेतं कशी तगली?

"सेंद्रिय शेतकऱ्याला टाळेबंदीची झळ लागलीच नाही, त्याला बाहेरून काही आणावंच लागत नाही," असं २०२० नंतर अनेकांच्या तोंडून ऐकलं. यात अर्धंच खरं आहे. जीवामृताला लागणारं शेण, गोमूत्र, बांधावरची माती घरचीच. गूळ-बेसन गावच्या किराणा दुकानातलं. दशपर्णी अर्काचा पालाही आसपासचाच. पण निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, कामगंध सापळे बहुतेकांना विकतच आणावे लागतात. शिवाय तणनाशक नाही म्हणजे खुरपणी हातानेच, आणि खुरपायला येणाऱ्या बायका पुष्कळदा शेजारच्या गावच्या. गावागावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले, तेव्हा त्या येणार कशा?

"शेतीला तर सूट होती" हाही असाच समज. कोरोनाची टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि २७ मार्चच्या केंद्राच्या आदेशाने शेतीकामं, शेतमजूर आणि बाजार समित्यांना सूट मिळाली. कागदावर वाट मोकळी झाली, प्रत्यक्षात साखळी तुटली. एप्रिलमध्ये पुण्याचं गुलटेकडी मार्केट यार्ड बंद झालं, मे महिन्यात वाशीची बाजार समिती ११ ते १७ तारखेपर्यंत बंद राहिली. सेंद्रिय मालाचं दुखणं आणखी वेगळं. लिलावात त्याला सहसा वेगळा भाव मिळत नाही, म्हणून हे शेतकरी शहरांतले सेंद्रिय आठवडी बाजार, प्रदर्शनं आणि हॉटेलं यांवर विसंबून होते. ही सगळी दारं एकदमच लागली.

मग अनेकांनी व्हॉट्सअ‍ॅप धरलं. आदल्या दिवशी यादी फिरते. गिऱ्हाइकाला हवं ते नाही, रानात तयार आहे ते यादीत. मागणी आली की ऊन उतरल्यावर तोडणी. मेथी-पालकाच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली, जड माल क्रेटच्या तळाला. पहाटे टेम्पो निघतो आणि सोसायटीच्या फाटकाशी टेबलावर फ्लॅट नंबर लिहिलेल्या पिशव्या मांडल्या जातात. पैसे फोनवरून. पालेभाजी दिवसभरात पिवळी पडते, म्हणून काहींनी लागवडच बदलली: लाल भोपळा, सुरण, रताळी अशी टिकणारी पिकं वाढवली. अर्ध्या एकरात आठ-दहा भाज्या असणाऱ्याला एका घराची पिशवी एकट्याने भरता आली. एकाच पिकाचा ढीग लागलेला शेतकरी मात्र अडला, सेंद्रिय असो वा नसो. माझं स्पष्ट मत आहे: त्या महिन्यांत शेतकऱ्याला खरा आधार मिश्र पिकाचा आणि नावानिशी ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाचा झाला. 'सेंद्रिय' या शब्दाला आपण उगाच जास्त श्रेय देतो.

ही थेट विक्री टाळेबंदीपुरती मिळालेली सवलत होती, असंही काहींना वाटतं. तसं नाही. महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला होता.

"प्रमाणपत्र नाही, म्हणजे फसवणूक"? इथे जरा सावकाश जाऊ, कारण या समजाने लहान शेतकऱ्याचं नुकसान होतं. सेंद्रिय अन्नाबाबतचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे नियम सांगतात की वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय माल विकू शकतो. मात्र 'जैविक भारत'चं बोधचिन्ह त्याला वापरता येत नाही. ज्याला प्रमाणपत्र हवं, त्याच्यासाठी पीजीएस-इंडिया ही कमी खर्चाची सरकारी व्यवस्था आहे. तीत किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. निर्यातीसाठी त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते आणि हंगामी पिकांना साधारण २ वर्षांचा रूपांतर काळ असतो. म्हणजे कागद नसलेला शेतकरी खोटाच, असं नाही. कागद नसलेला प्रत्येक दावा खरा, असंही नाही. अशा वेळी शेत बघून यावं, प्रश्न विचारावेत.

आणखी एक समज आरोग्याचा. सेंद्रिय भाजी खाल्ली की कोरोना होत नाही, याला काहीही आधार नव्हता आणि नाही. अन्नातून हा आजार पसरल्याचा पुरावा नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेही तेव्हाच सांगितलं होतं. तरी धास्तीपोटी घरोघर भाज्या साबणाने धुतल्या गेल्या. त्याची गरज नव्हती. साबण पोटात जाणं उलट वाईट. स्वच्छ वाहत्या पाण्याने चोळून धुणं पुरेसं असतं.

राहता राहिला पैसा. दलाल गेला, म्हणजे सगळा नफा शेतकऱ्याचा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. डिझेल, टेम्पोचं भाडं, पिशव्या, निवडून बाजूला काढलेला माल आणि घरातल्या माणसांची रात्रीची जागरणं. दलालाचं काम संपलं नव्हतं, ते शेतकऱ्याच्या घरात आलं होतं. बाजार उघडले तशी फाटकावरची गर्दी ओसरली आणि तीन पिशव्यांसाठी शहरात टेम्पो नेणं परवडेना. यातून वाट काढायची तर एका भागाला आठवड्यातला एकच वार, किमान मागणीची अट आणि महिन्याचे पैसे आगाऊ, एवढं तरी गिऱ्हाइकाने मान्य करावं लागतं.