धनुष्य विकलं की हरणाला पैसे मिळतात? शिकार, तिरंदाजी आणि आपला नागझिरा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आजचा प्रश्न जरा विचित्र आहे. एखाद्या पोराने मैदानात निशाणा मारायला धनुष्यबाण घेतला, तर त्यातून जंगलातल्या हरणाला पैसे मिळतील का? अमेरिकेत मिळतात. आपल्या गोंदियात नाही. असं का, ते बघू.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेसुमार शिकारीने हरणं, रानटर्की, पाणपक्षी खूप कमी झाले होते. तेव्हा 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा आला. रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर, आणि तो पैसा फक्त वन्यजीवांसाठी! राज्याचं क्षेत्रफळ किती आणि शिकार परवानाधारक किती, यावर प्रत्येक राज्याचा वाटा ठरतो. मंजूर कामाचा 75 टक्क्यांपर्यंत खर्च या निधीतून होतो, उरलेला राज्याने घालायचा. एक अटही आहे: शिकार परवान्याची फी राज्याने दुसरीकडे वळवायची नाही. वळवली तर हा निधी गेला.

1972 मध्ये तिथल्या संसदेने धनुष्यबाणही या करात आणले. म्हणजे ज्याने आयुष्यात एक ससाही मारला नाही, असा तिरंदाजसुद्धा हा खर्च उचलतो.

आता गंमत बघा. त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीला लगाम बसला. 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाटही बंद झाली. माझ्या मते ते योग्यच झालं. पण मग जंगलाचा खर्च कोण करणार?

2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याला केंद्र आणि राज्य सरकार पैसे देतं. शिवाय 2006 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं. पर्यटकांकडून मिळणारा पैसा सरकारी तिजोरीत हरवून न जाता तिथे जमा व्हावा आणि जंगलासाठी, आजूबाजूच्या गावांसाठी वापरला जावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे चोरखमारा गेटवर तुम्ही फाडलेलं तिकीट हाच आपला 'बाणावरचा कर' समजा!

पण दोन्हीकडे एक मेख आहे. पैसा देणाऱ्याला जे हवं, तिकडे पैसा आधी वळतो. तिथे शिकारीच्या प्राण्यांची चंगळ झाली अशी टीका होते. बंदुका जास्त विकल्या की निधी वाढतो, हेही अनेकांना खटकतं. इथे जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाला वाघच बघायचा असतो.

मग आपल्या सारसाचं काय? महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. तो राहतो धानाच्या बांधीत, बोडीवर, तलावाच्या काठावर. घरटं घालतो तेही अनेकदा शेतकऱ्याच्या उभ्या धानात. तिथे ना गेट, ना तिकीट. घरटं वाचवायला शेतकऱ्याने तेवढा धान सोडून दिला, तर तो खर्च त्याच्या खिशातून जातो. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

अमेरिकेकडून शिकार शिकायची गरज नाही. पण पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि तो दुसरीकडे वळवता येत नाही, हे कायद्यात लिहून ठेवणं शिकण्यासारखं आहे. सारसासाठी असा बांधलेला निधी कुठून यावा? धानाच्या व्यवहारातून? पर्यटनाच्या तिकिटातून?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. आणि पुढच्या वेळी नागझिऱ्याला गेलात, तर वाघ दिसला का एवढंच विचारू नका. आपल्या तिकिटाचे पैसे कुठल्या गावात, कुठल्या कामावर लागले, तेही विचारा.

भेटू पुढच्या भागात!