‘शक्यतो’ या शब्दाची किंमत

जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने कापसाच्या अनुदानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सरकारचा पैसा कोणाच्या पदरी पडतो हे पुष्कळदा कराराच्या भाषेवर ठरते, असे माझे मत आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातला पॉइन्सेट हा ग्रामीण जिल्हा याची साक्ष देतो.

१९२९ नंतरच्या महामंदीत कापसाचा भाव कोसळला. मे १९३३ मध्ये, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, कृषी समायोजन कायदा झाला. पीक घटले की भाव चढेल, म्हणून लागवड कमी करणाऱ्यास भरपाई द्यावी, हे त्याचे तत्त्व. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. भाव सावरला.

मात्र कसणारा बहुधा मालक नव्हता. गोरी आणि काळी गरीब कुटुंबे अर्धेलीने शेत करीत. १९३४-३५च्या करारात पौंडामागे साडेतीन सेंट जमिनीच्या भाड्यापोटी आणि एक सेंट भावातील तुटीपोटी ठरला. भाडे सर्वस्वी मालकाचे. उरलेल्या सेंटाचे दोन वाटे. म्हणजे मालकास चार सेंट आणि अर्धेलकऱ्यास अर्धा, तोही मालकाच्या हातून!

याच कराराच्या सातव्या कलमात असा आशय होता, की मालकाने कुळांची नेहमीची संख्या ‘शक्यतो’ कायम ठेवावी. येथे दोन प्रश्न उभे राहिले. शक्य काय, हे कोणी ठरवायचे? आणि राखायची ती संख्या, की तीच माणसे? जमीन पडीक राहिली, तेव्हा अनेक मालकांनी कुळांना घराबाहेर काढले. जुलै १९३४ मध्ये पॉइन्सेट जिल्ह्यातील टायरोन्झा येथे अकरा गोरे आणि सात काळे एकत्र आले आणि त्यांनी दक्षिणी कूळ-शेतकरी संघ स्थापन केला. वर्णभेदाच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

कृषी खात्यातील जेरोम फ्रँक यांच्या विधिज्ञांनी ‘तीच माणसे’ असा अर्थ लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी नोकरीतून दूर झाले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी दुसरा अर्थ मान्य केला. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मूळ गाभाच रद्द केला, परंतु तो करआकारणी आणि केंद्राचे अधिकार या मुद्द्यांवर. कुळांचा प्रश्न तेथे निर्णयाला आलाच नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबासाठी आहेत. निमाडात वा विदर्भात दुसऱ्याच्या वावरात बटाईने पऱ्हाटी पिकवणारा त्यात बसत नाही. अनुदान असावे की नसावे हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी करावा. या शाळेचे जे माजी विद्यार्थी कचेऱ्यांत मसुदे लिहितात, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे: ‘शेतकरी’ म्हणजे कोण हे आधी लिहा, आणि दुबळ्याच्या हक्कापाशी ‘शक्यतो’ लिहू नका.