गरोदरपणात दारू : 'कशी आई आहे ही?' म्हणण्याआधी

आजचा प्रश्न असा की, बाळाला धोका आहे हे ऐकलेलं असूनही गरोदर बाई दारू का पिते? आपल्या तोंडून पटकन निघतं, 'कशी आई आहे ही!' जरा थांबूया, आणि आधी दक्षिण आफ्रिकेत जाऊया.

केपटाऊनच्या आसपास, वेस्टर्न केप प्रांतात, द्राक्षांचे मोठे मळे आहेत. तिथे 'डॉप' नावाची पद्धत होती. म्हणजे काय, तर मजुरीचा काही भाग पैशांऐवजी स्वस्त वाइनमध्ये द्यायचा, तोही दिवसातून अनेकदा. कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर हे १९९० च्या दशकापर्यंत चालू होतं. डॉप गेली, पण शनिवार-रविवारी घरच्यांनी मिळून भरपूर पिण्याची रीत राहिली. गर्भात दारूचा परिणाम झालेल्या मुलांचं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदलं गेलंय ते याच भागात. आता नवरा, सासू, शेजारीण सगळे पीत असताना एकटीने पेला बाजूला ठेवायचा, म्हणजे आपल्याच माणसांतून उठून जायचं.

अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. दिवस जाण्याआधी ती किती प्यायची आणि जोडीदार किती पितो, यावरून पुढचं बरंच कळतं. त्यात नैराश्य, घरातली मारहाण. अशा वेळी दारू मजेसाठी नसते हो, रात्र काढण्यासाठी असते. आणि कित्येकींना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बाळाच्या मेंदूची घडण सुरू झालेली असते. मग वाटतं, 'झालं ते झालं, आता सोडून काय उपयोग?' तसं नाहीये. ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे.

पण मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती लाजेची. 'दारू पिता का?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'छे!' १९८९ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट सोकोल आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांसाठी 'टी-एस' ही चार प्रश्नांची चाचणी मांडली. गंमत पहिल्या प्रश्नात आहे : 'चढायला तुम्हाला किती पेग लागतात?' किती पिता, हे विचारलंच नाही! त्यामुळे बाई लपवायच्या पवित्र्यात जात नाही. उत्तर दोनपेक्षा जास्त आलं, की शरीर सरावलंय हे डॉक्टरांना कळतं. आपल्याकडे अडचण याच्याही आधीची. 'आपल्यातल्या बायका पीत नाहीत' असं धरून चालल्यामुळे प्रश्न बरेचदा निघतच नाही.

एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणारीने एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. आणि घरच्यांनो, तिच्यासमोर आपला पेला भरणं नऊ महिने थांबवता येतंय का, ते बघा.