रोगापूर्वीचा रोग : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीचे संशोधन

‘कर्करोग’ ह्या शब्दात खेकड्याची प्रतिमा दडलेली आहे. गाठीभोवती फुगलेल्या शिरा प्राचीन ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या, व त्यावरून पडलेले नाव युरोपीय भाषांत रूढ झाले. मराठीतील ‘कर्क’ हे त्याचेच प्रतिरूप होय. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुद’ ही संज्ञा आणि बोलीतील ‘गाठ’ हा शब्द हेदेखील डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वाढीचेच निदर्शक आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या अलीकडील संशोधनाचा रोख मात्र ह्याहून निराळा आहे. जिच्यात अद्याप गाठ नाही, वेदना नाही आणि म्हणूनच जिला लोकभाषेत नावही नाही, अशी अवस्था ओळखणे हा त्याचा गाभा आहे.

ह्या संशोधनाचा महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातच घडला. दौंड तालुक्यातील केडगाव हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. तेथून पूर्वेस जाऊन कुर्डुवाडीस मार्ग बदलला की बार्शी येते. पश्चिमेस पुण्याच्या अलीकडे हडपसर लागते. हा रोग वेळीच ओळखण्याविषयीचा एक मोठा प्रयोग बार्शीच्या आधाराने झाला, तर त्याला प्रतिबंध करणारी भारतीय लस हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली.

प्रथम रोगाचे कारण पाहिले पाहिजे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी १९८३ मध्ये ह्या कर्करोगाच्या पेशींत ‘ह्यूमन पॅपिलोमा’ विषाणूचा सोळावा प्रकार दाखवून दिला. ह्या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग अत्यंत सामान्य असून बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या स्त्रियांत मात्र तो टिकून राहतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत फरक पडू लागतो, आणि त्यातून कर्करोग उद्भवण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. ह्या दीर्घ काळात स्त्रीला कोणताही त्रास जाणवत नाही. निसर्गाने दिलेली ही सवलतच होय. परंतु ‘मला काही होत नाही’ ह्या समाधानात ती बहुधा वाया जाते.

बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. गावोगाव जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी लक्षणांची माहिती दिल्यावर स्त्रिया रोगाच्या आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे आढळले. ह्याच अनुभवाच्या पायावर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक विस्तृत प्रयोग आरंभण्यात आला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या ५२ समूहांनुसार चार गट करण्यात आले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तर तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखावर पांढरे चट्टे उमटतात काय, ह्याचे निरीक्षण करण्यात आले. चौथ्या गटास नेहमीची आरोग्यसेवा उपलब्ध होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. आठ वर्षांत चौथ्या गटात ह्या रोगाने ६४ मृत्यू झाले, तर विषाणूचाचणीच्या गटात ३४. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत निश्चित म्हणावी अशी घट झाली नाही. चौथ्या गटास चाचणी न देण्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले, आणि त्या आकड्यांकडे पाहता ते दुर्लक्षणीय ठरत नाहीत.

आम्लाची पद्धत निरुपयोगी आहे, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ही तपासणी दर दोन वर्षांनी करविली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तात्पर्य, जी तपासणी एकदाच करावयाची, ती अधिक अचूक हवी. जी कमी अचूक, ती वारंवार व्हावयास हवी.

लवकर सापडलेल्या फरकावरील उपचार सोपा आहे. बिघडलेला भाग अतिशीत वा उष्ण उपकरणाने नष्ट केला जातो. गर्भाशय काढावे लागत नाही. रोग पुढे गेल्यावर चित्र पालटते. टाटा स्मारक रुग्णालयाने पुढच्या टप्प्यातील ८५० रुग्ण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात किरणोपचारास सिस्प्लॅटिन ह्या औषधाची जोड दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले (२०१८). ही प्रगती मोलाची खरी. तथापि उरलेल्या ४६ टक्क्यांचे उत्तर रुग्णालयात नसून गावात आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ग्रामीण मराठीत गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात, आणि ‘पिशवी खराब झाली’ ह्या एका वाक्यात साधा जंतुसंसर्ग, पेशींतील फरक व कर्करोग ही तिन्ही सामावतात. भेद न करणारा शब्द भीतीस वाव देतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याची चर्चा २०१९ मध्ये झाली व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. कर्करोगाची भीती दाखविली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले होते. केडगावचा परिसरही उसाचा आहे. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, आणि पांढरे न जाणे म्हणजे निर्धास्तपणाही नव्हे, ही दोन्ही वाक्ये तेथील स्त्रियांपर्यंत सारख्याच स्पष्टपणे पोहोचली पाहिजेत.

प्रतिबंधाच्या बाबतीत २०२२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीस भारतात मान्यता मिळाली. पुणे व बार्शी ही केंद्रे ज्यात होती, त्या भारतीय अभ्यासात एका मात्रेनेही टिकाऊ संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले होते. ही लस संसर्गापूर्वी, म्हणजे बालवयाच्या अखेरीस, द्यावयाची असते. झालेला संसर्ग ती दूर करीत नाही. म्हणून मुलीस लस व तिच्या आईस चाचणी, अशी ही विभागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिसाव्या वर्षापासून पाच ते दहा वर्षांच्या अंतराने विषाणूचाचणीची शिफारस केली असून, नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालतो. संकोचामुळे मागे राहणाऱ्या स्त्रीला ही सोय उपकारक आहे.

‘तपासणी’ म्हटले की मराठी मनात प्रथम ‘तक्रार’ येते. ह्या रोगापुरता तो क्रम उलटा केला पाहिजे. आशासेविकेने दारी येऊन द्यावयाचा निरोप एवढाच : त्रास नाही, म्हणूनच आता या.