डोंगराची उंची, कोळी आणि कुंभारीण माशी

मनमाड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मुलांना ती वाचायला लावा. त्या आकड्याचा संबंध तुमच्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या मातीच्या घरट्याशीही आहे.

ते घरटं कुंभारीण माशीचं. ती कोळ्याला डंख मारून लुळं करते, मारत नाही, कारण मेलेला कोळी सडेल. मातीच्या एकेका कोठीत ती बरेच कोळी भरते, एक अंडं घालते आणि तोंड चिखलाने लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली अळी ते ताजं अन्न खाऊन वाढते. मोठी माशी स्वतः मात्र फुलांतला मकरंद पिते. (हे ऐकून आमच्या वर्गात एक मुलगी रडली होती, तेव्हा जरा जपून सांगा.)

आता उंचीचं बघू. १,००० मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. मनमाडहून अंकाई किल्ल्याचा माथा म्हणजे फरक जेमतेम अडीच अंशांचा. कळसूबाई (१,६४६ मीटर) म्हणजे सहा-सात अंशांचा. माशीला उडायला ऊब हवी, ओली माती हवी, वर पुरेसे कोळीही हवेत. कोळ्याला मात्र मिळेल तो किडा चालतो. हिमालयात तर एक उड्या मारणारा कोळी ६,७०० मीटरवर सापडलाय, वाऱ्याने वर आलेले किडे खाऊन जगतो! म्हणून उंचावर जाताना साधारणपणे अशा माश्या आधी विरळ होतात, कोळी नंतर.

अंकाईला सहल नेलीत तर पायथ्याशी आणि माथ्यावर जाळी अन् मातीची घरटी मोजायला सांगा. अडीच अंशांत आकडे उलटेही येतील, येऊ द्या. माकडांपासून डबे तेवढे सांभाळा.