रिव्हरवरचा मोठा बेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. त्यातलं शेवटचं, पाचवं पान म्हणजे रिव्हर. नो-लिमिट प्रकारात आपल्यासमोरची सगळी रास कधीही पुढे सरकवता येते. त्यामुळे रिव्हरवर मोठा बेट आला, म्हणजे समोरच्याने मोठी रक्कम लावली, की भल्याभल्यांना घाम फुटतो. आता नवं पान येणार नाही, हात सुधारणार नाही. पैसे भरून पानं बघायची, म्हणजे कॉल. नाही तर पानं टाकायची, म्हणजे फोल्ड. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन डाव देशात बंद झाले, पण पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंत पोकरची टेबलं आहेत, आणि कॉल की फोल्ड या निर्णयाबद्दलचे समज सगळीकडे तेच आहेत.

गैरसमज: निम्म्याहून जास्त वेळा जिंकणार असू, तरच कॉल करावा.

वस्तुस्थिती: पॉटमध्ये, म्हणजे मधल्या सामायिक राशीत, आधीपासून पडलेले पैसेही जिंकणाऱ्याचे असतात, हे इथे विसरलं जातं. पॉट 6,000 चा आहे आणि समोरच्याने 6,000 लावले. तुम्ही 6,000 भरलेत की एकूण 18,000 होतात. म्हणजे तिनात एकदा जिंकलात तरी पैसे सुटतात. बेट पॉटच्या निम्मा असेल तर 25 टक्के, पाऊणपट असेल तर 30, पॉटएवढा असेल तर 33 आणि दुप्पट असेल तर 40 टक्के वेळा जिंकणं पुरतं. बेट कितीही मोठा असला, तरी हा आकडा पन्नासला पोहोचत नाही.

गैरसमज: एवढा भारी हात टाकायचा कसा?

वस्तुस्थिती: 1998 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या डावात टेबलावरच तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या आल्या. आयतं फुल हाउस! स्कॉटी न्गुयेनने सगळ्या चिप्स लावल्या. केव्हिन मॅकब्राइडच्या हातातली राणी आणि दश्शी कुचकामी होती. तरीही टेबलावरच्या फुल हाउसच्या भरवशावर त्याने कॉल केला. न्गुयेनकडे नव्वी निघाली, म्हणजे तीन नव्व्या आणि दोन अठ्ठ्या. विजेतेपद आणि 10 लाख डॉलर त्याचे झाले. मॅकब्राइडला हा डाव जिंकता येणंच शक्य नव्हतं. टेबलावरची पानं दोघांचीही असल्याने फार तर पॉट निम्मा-निम्मा झाला असता. हाताचं नाव केवढंही मोठं असो, समोरचा ज्या हातांनी इतके पैसे लावेल त्यांतल्या किती हातांना तो हरवतो, तेवढीच त्याची किंमत.

गैरसमज: एवढा मोठा बेट म्हणजे ब्लफच, नुसती हूल. चांगला हात असता तर थोडे लावून आपल्याला खेळवलं असतं.

वस्तुस्थिती: चांगला हात असलेल्यालाही जास्तीत जास्त पैसे काढायचे असतातच. 2017 मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंशी 1,20,000 डाव खेळून त्यांना हरवलं. पॉटच्या कितीतरी पट बेट लावणं ही तिची खासियत, आणि असे बेट ती उत्तम हातावरही लावायची, रिकाम्या हातावरही. घरगुती किंवा छोट्या रकमांच्या डावांत तर या समजाच्या उलटाच अनुभव येतो. जो खेळाडू तासभर गप्प बसला आणि रिव्हरवर एकदम रास लोटतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा हात असतोच.

गैरसमज: चेहरा वाचता आला की काम झालं.

वस्तुस्थिती: मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक स्पर्धेतल्या चित्रफिती लोकांना दाखवून खेळाडूचा हात किती चांगला असेल ते विचारलं. नुसता चेहरा पाहून काढलेले अंदाज नशिबावर सोडल्यापेक्षा सरस ठरले नाहीत. चिप्स पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांचे अंदाज थोडे बरे निघाले. तेव्हा चेहऱ्यावरून निर्णय फिरवण्याआधी त्या खेळाडूने पहिल्या पानापासून काय काय केलं ते आठवावं.

गैरसमज: हिशोब कुठवर करणार? शेवटी अंदाजच.

वस्तुस्थिती: अंदाज आहेच, पण तो मोजता येतो. समजा, टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट तिर्री, किल्वर दुर्री, बदाम सत्ती. तुमच्याकडे बदाम राजा आणि बदाम राणी. समोरच्याने पॉटएवढा बेट लावला.

तुम्हाला हरवणारे आणि त्याने अशा रीतीने खेळावेत असे हात समजा तीन प्रकारचे. हातात नव्व्यांची जोडी 3 प्रकारे येते, तिर्र्यांचीही 3 प्रकारे. एक्का-राजा 8 प्रकारे, कारण राजे दोनच उरलेत आणि एक्के चार. एकूण 14. पॉटएवढ्या बेटाला कॉल करायचा तर याच्या निम्मे, म्हणजे 7 ब्लफ हवेत. इस्पिकचा फ्लश, म्हणजे इस्पिकची पाच पानं, हुकलेले हात घ्या: एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, छक्की-पंजी. बरोबर सात. कॉल केला काय नि फोल्ड केला काय, सारखंच.

आता फक्त एक पान बदला: तुमची राणी बदामऐवजी इस्पिकची. ती तुमच्याकडे आहे म्हणजे समोरच्याकडे नाही. राणीचे तिन्ही ब्लफ बाद. उरले 4, समोर 14. जिंकण्याची शक्यता 33 वरून 22 टक्क्यांवर आली, आणि फोल्ड सरळ झाला. तुमची जोडी तीच, बेट तोच. म्हणून हुकलेल्या फ्लशचं पान आपल्याच हातात असणं कॉलच्या विरोधात जातं.

गैरसमज: निम्म्या वेळा तरी कॉल करायलाच हवा, नाही तर लोक लुटतील.

वस्तुस्थिती: पॉटएवढ्या बेटाला निम्म्याहून जास्त हात सोडू नयेत, हा नियम अचूक खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुरता आहे. जो ब्लफ करतच नाही, त्याच्यापासून बचाव कसला? त्याच्यासमोर फक्त ब्लफला हरवणारे सगळे हात टाकून द्यावेत. आणि 'एवढे पैसे घातलेत, आता मागे कसं फिरू' हा विचार तर मनातही आणू नये. ते पैसे आता पॉटचे आहेत.

गैरसमज: समोरच्याचा ब्लफ निघाला, म्हणजे फोल्ड चुकलाच.

वस्तुस्थिती: 2003 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोघंच उरले असताना ख्रिस मनीमेकरने रिव्हरवर सगळ्या चिप्स लावल्या. त्याचा फ्लशही हुकला होता आणि स्ट्रेटही, म्हणजे ओळीने येणारी पाच पानं. सॅम फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता. बराच विचार करून त्याने पानं टाकली, आणि पुढे विजेतेपद मनीमेकरकडे गेलं. पण टेबलावर तीन इस्पिक होते. फ्लश असलेल्या माणसानेही हाच बेट लावला असता. एका डावाच्या निकालावरून तो फोल्ड चूक की बरोबर, हे ठरत नाही.

ते ठरतं समोरचा एकंदरीत किती वेळा रिकाम्या हाताने लावतो यावरून, आणि हा आकडा कुठल्या पुस्तकात छापलेला नसतो. तो टेबलावरच जमवावा लागतो. आपण डावात नसताना मोबाइलमध्ये डोकं न घालता, रिव्हरवर कोणी किती लावले आणि शेवटी कोणती पानं उघडली एवढं पाहत गेलं, तर आपल्यावर वेळ येते तेव्हा हिशोबात घालायला काहीतरी हाताशी असतं.